अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलाचा शिधा घरी कसा मांडावा

अठराव्या शतकात ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशाला आठवड्याला काय खायला मिळत असे, याची यादी अनेक पुस्तकांत सापडते, पण नुसती वाचून ती अंगी लागत नाही. एक पौंड बिस्किट म्हणजे नेमके किती, ते दाताने तुटते का, खारवलेल्या मांसातले मीठ किती पाण्यांनंतर उतरते, हे कळण्यासाठी तो शिधा एकदा तरी तोलून, शिजवून समोर मांडावा लागतो. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि गेली काही वर्षे नववीच्या मुलांबरोबर हा उपक्रम करत आलो आहे. पुढे दिलेली रीत त्यातूनच ठरत गेली. विषय इंग्लंडच्या आरमाराचा असला तरी मुंबईला तो अगदीच परका नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली मिंडेन ही ७४ तोफांची युद्धनौका १८१० साली पाण्यात उतरली, आणि अशा नौकांवरच्या खलाशांचे पोट याच पद्धतीच्या शिध्यावर चालत असे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे किती माणसांचा आणि किती दिवसांचा शिधा मांडायचा. जहाजावर सहा ते आठ खलाशांची एक मेस असे. ते दोन तोफांच्या मधे टांगलेल्या फळीवर एकत्र जेवत आणि त्यांच्यातला एक जण आठवडाभर पाळीने शिधा आणणे, मळणे, वाटणे ही कामे पाही. म्हणून सहा जणांची मेस आणि दोन दिवस, एक मांसाचा व एक बिनमांसाचा, एवढे घरच्या स्वयंपाकघरात पुरे होते. शिधा पूर्ण वजनाचा तोलून टेबलावर मांडावा, मात्र शिजवताना त्याचा चौथा हिस्सा घ्यावा, कारण दोर ओढणाऱ्या आणि तोफा सरकवणाऱ्या माणसाचे हे खाणे आहे. आपल्याला ते संपणार नाही आणि अन्न वाया जाईल.

१७३३ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर मिळे. मंगळवारी व शनिवारी दोन-दोन पौंड खारवलेले गोमांस, रविवारी व गुरुवारी एक-एक पौंड खारवलेले डुकराचे मांस, आणि रविवार, बुधवार, गुरुवार व शुक्रवार या चार दिवशी अर्धा पिंट सुके वाटाणे असत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे तीन दिवस बिनमांसाचे. त्या दिवशी एक पिंट ओटचा भरडा, दोन औंस लोणी आणि चार औंस चीज दिले जाई. या तीन दिवसांना खलाशी ‘बनियन डे’ म्हणत. पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या शाकाहारी गुजराती वाण्यांना युरोपीय लोक ‘बनियन’ म्हणत असत, आणि त्यांच्यावरूनच मांस न खाण्याच्या दिवसाला हे नाव पडले. (वडाच्या झाडाचे इंग्रजी नावही या वाण्यांवरूनच आलेले आहे.) शाकाहारी घरात हा उपक्रम करायचा असेल तर काही बदलण्याची गरज नाही, बुधवार निवडावा, तो नियमातलाच दिवस आहे.

आता पौंडाविषयी. तराजू हाती घेण्यापूर्वी हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण या सगळ्या शिध्याचे मर्म मापात आहे. पौंड सोळा औंसांचा, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमचा असतो. परंतु जहाजाचा कोठीवाला, ज्याला पर्सर म्हणत, तो खलाशाला चौदाच औंस तोलून देई. सांडलवंड, गळती आणि नासाडी भरून काढण्यासाठी आठवा हिस्सा कापून घेण्याची त्याला परवानगी होती. म्हणजे कागदावर एक पौंड आणि थाळीत सुमारे ३९७ ग्रॅम. एप्रिल १७९७ मध्ये पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेड येथे नौदलाच्या खलाशांनी जहाजे बाहेर काढण्यास नकार दिला, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला त्यांची स्पष्ट मागणी होती की पौंड सोळा औंसांचा असावा. ती मान्य झाली. मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या तलवार या नाविक तळावर भारतीय नाविकांनी जो संप सुरू केला, त्याची ठिणगीही निकृष्ट अन्नावरच पडली होती. त्यामागची कारणे अधिक खोल होती, पण पहिला नकार ताटाला होता. म्हणून मांडणी करताना प्रत्येक जिन्नसाचे दोन ढीग करावेत, एक सोळा औंसांचा आणि एक चौदा औंसांचा. सहा जणांच्या आठवड्याच्या बिस्किटात हा फरक अडीच किलोच्या आसपास जातो. तो ढीग बाजूला काढून ठेवला म्हणजे मुलांना स्पिटहेडचा उठाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बिस्किटापासून सुरुवात करावी, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. नौदलाचे बिस्किट म्हणजे गव्हाचे पीठ आणि पाणी. तूप नाही, साखर नाही, खमीर नाही. पोर्टस्मथ, प्लिमथ आणि डेप्टफर्ड येथील सरकारी कोठारांच्या भट्ट्यांत ते भाजले जाई आणि साधारण पाच बिस्किटांचा एक पौंड भरे. घरी ५०० ग्रॅम जाडसर दळलेली कणीक घ्यावी. पोळीच्या कणकेपेक्षा बरेच कमी पाणी, साधारण २०० मिलिलिटर, थोडेथोडे घालत पीठ जमवावे. हा गोळा हाताला कोरडा आणि हट्टी लागला पाहिजे. तो सैल झाला तर बिस्किट बिघडलेच म्हणून समजावे. दहा-पंधरा मिनिटे रेटून मळल्यावर ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा, मग त्याचे पाच सारखे भाग करून प्रत्येक भाग एक सेंटिमीटर जाडीचा, तळहाताएवढा लाटावा. काट्याने आरपार भोके पाडावीत, अगदी तळाला टोचेपर्यंत, म्हणजे आतली वाफ बाहेर पडते आणि बिस्किट फुगत नाही. ओव्हन १५० अंश सेल्सिअसवर तापवून दीड ते दोन तास भाजावे, मधे एकदा उलटावे, आणि मग १०० अंशांवर आणखी एक-दोन तास वाळू द्यावे. ओव्हन नसेल तर गल्लीतल्या बेकरीवाल्याला विनंती करावी. पाव काढून झाल्यानंतरची निवत आलेली भट्टी या कामाला फार चांगली असते.

पहिल्या वर्षी मी ही बिस्किटे जुलैत केली आणि वरून खडखडीत दिसताच स्टीलच्या डब्यात भरली. आठ दिवसांनी डबा उघडला तेव्हा प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध, भोकांच्या कडेने, हिरवट बुरशी धरली होती. वरून वाळलेले बिस्किट पोटात ओले असते, हे तेव्हा कळले. तेव्हापासून मी वजनाचा नियम पाळतो: पूर्ण वाळलेल्या पाच बिस्किटांचे वजन घेतलेल्या पिठापेक्षा जास्त भरता कामा नये, कारण मळताना घातलेले सगळे पाणी परत निघून गेले पाहिजे. ५०० ग्रॅम पिठाची बिस्किटे साधारण ४५० ते ४८० ग्रॅम भरली की ती झाली; योगायोग असा की तेवढ्यातच नियमाचा एक पौंड साधतो. दुसरी खूण आवाजाची आहे. दोन बिस्किटे एकमेकांवर आपटली तर कौलांसारखा टणत्कार आला पाहिजे.

असे बिस्किट दाताने तोडण्याचा प्रयत्न करू नये, दात दुखावतो. खलाशी ते टेबलावर आपटून मग खात, एक तर तुकडे पडावेत म्हणून आणि दुसरे म्हणजे आतले सोंडे व अळ्या झडाव्यात म्हणून. घरी वरवंट्याने तुकडे करावेत आणि रश्शात दहा मिनिटे भिजत घालावेत. भिजल्यावर त्याला भाजलेल्या गव्हाची चव येते आणि ते चिवट पण खाण्याजोगे होते. उरलेल्या चुऱ्याचे काय करत, तेही करून पाहावे: चुरा लोखंडी तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा, पाण्यात उकळायचा आणि साखर घालून प्यायचा. याला खलाशी ‘स्कॉच कॉफी’ म्हणत.

मांसाच्या बाबतीत गोमांस वगळून डुकराच्या मांसाचा गुरुवार घेणे महाराष्ट्रात सोयीचे आणि कायद्यालाही धरून आहे. ते चालत नसेल तर बकऱ्याचे मांस घ्यावे आणि तसे स्पष्ट सांगावे. ५०० ग्रॅमचा, हाड नसलेला तुकडा ५० ग्रॅम खड्याच्या मिठाने सर्व बाजूंनी चोळावा आणि काचेच्या झाकणाच्या भांड्यात फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात चार-पाच दिवस ठेवून रोज उलटावा. तो ओट्यावर बाहेर ठेवण्याचा मोह टाळावा. नौदलासाठी जनावरे कापून खारवण्याचे काम थंडीच्या महिन्यांत केले जाई, ते याच कारणाने, आणि आपल्याकडची थंडीही त्या कामाला पुरेशी नाही. पाचव्या दिवशी मीठ धुऊन तुकडा भरपूर पाण्यात, फ्रिजमध्येच, चोवीस तास भिजत ठेवावा आणि पाणी किमान तीनदा बदलावे. जहाजावर यासाठी खास पिंप असे, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे मांस त्यात आदल्या दिवशीच पडे. पावसाळ्यासाठी खारे बांगडे भरून ठेवणाऱ्या कोकणातल्या घरांना हे समजावण्याची गरज नाही. भिजवणे कमी पडले तर कितीही शिजवले तरी घास खाली उतरत नाही. भिजल्यावर मांस नव्या पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास, सुरी सहज आत जाईपर्यंत शिजवावे. प्रत्येक मेस आपल्या तुकड्याला ओळखीची खूण बांधून तो मोठ्या तांब्याच्या हंड्यात सोडत असे, म्हणून दोन तुकडे शिजवत असाल तर सुताने वेगवेगळ्या गाठी मारून ही खूण करून पाहावी.

त्याच हंड्यात वाटाणेही शिजत. माणशी अर्धा पिंट म्हणजे सुमारे २०० ग्रॅम सुके वाटाणे. घरी सहा जणांत मिळून ३०० ग्रॅम पुरतात. ते रात्रभर भिजवून सुती फडक्याच्या पुरचुंडीत बांधावेत, पण फुगायला जागा राहील अशी सैल गाठ मारावी, आणि मांस शिजायला लागल्यावर ती पुरचुंडी त्याच पाण्यात सोडावी. वाटाणे मीठ आणि चव त्या पाण्यातूनच घेतात, वेगळे काही घालायचे नाही. शेवटी पुरचुंडी उघडली की आत घट्ट लगदा तयार असतो. फोडणीची सवय असलेल्या आपल्या जिभेला हे सपक वाटेल, तरीही पहिला घास तसाच घ्यावा. शिजवलेले मांस उरले तर त्याचे बारीक तुकडे, चिरलेला कांदा आणि बिस्किटाचा चुरा एकत्र उकळून ‘लॉबस्काउस’ नावाचा रस्सा करतात. माझ्या मते या साऱ्या शिध्यातला तो सर्वांत चवदार पदार्थ आहे.

बनियन डेचा ओटचा पदार्थ सोपा आहे. बाजारातले ओट मिक्सरमध्ये रव्याइतके भरडावेत, चौपट पाण्यात मिठासह अर्धा तास शिजवावेत आणि वर लोण्याचा तुकडा ठेवावा. याला ‘बर्गू’ म्हणत, आणि खलाशांना ते फारसे आवडत नसे. पुढे त्याच्या जोडीला काकवी मिळू लागली, ती आपल्याकडची चालते. ओटच्या एका पिंटाऐवजी अर्धा पौंड तांदूळ द्यावा, अशी बदलीची तरतूद नियमांत होती. तिचा उपयोग पूर्वेकडच्या समुद्रात होई, म्हणून मुंबईच्या बंदरातली मेस मांडायची असेल तर बर्गूच्या जागी भात ठेवणे चुकीचे ठरत नाही.

पेयाकडे वळताना प्रथम टेबलावर एकेक लिटरच्या चार बाटल्या भरून ठेवाव्यात, कारण रोजची एक गॅलन बिअर साधारण तेवढी होते. लाकडी पिंपातले पाणी काही आठवड्यांत हिरवट आणि दुर्गंधी होई, आणि बिअर त्यापेक्षा बरी टिके. पण लांबच्या सफरीवर तीही संपे किंवा आंबे. तेव्हा एक गॅलन बिअरच्या बदल्यात एक पिंट वाइन किंवा अर्धा पिंट ब्रँडी, रम अथवा अरॅक द्यावी, असा हिशेब होता. अर्धा पिंट म्हणजे जवळजवळ पाव लिटर निव्वळ रम, एका माणसाला, रोज. त्यातून होणारी झिंग आणि अपघात पाहून अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी २१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकात हुकूम काढला की अर्ध्या पिंट रममध्ये एक क्वार्ट, म्हणजे चौपट पाणी डेकवर अधिकाऱ्यासमोर मिसळावे आणि ते दोन वेळांना विभागून द्यावे. साखर आणि लिंबू घालून ते रुचकर करून घेण्याची मुभाही त्यांनी दिली. व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा वापरत, त्यावरून या मिश्रणाला ‘ग्रॉग’ हे नाव मिळाले, आणि नौदलातील रमचा रोजचा शिधा थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. मुलांबरोबर करताना रमच्या जागी गुळाचे गडद पाणी घेऊन एकास चार हे प्रमाण त्यांच्याच हातून मोजून घ्यावे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या शिध्यात पोट भरण्याइतके सर्व काही आहे, पण क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, आणि त्यामुळे होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. १७४७ साली सॉल्सबरी या नौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, तीच झपाट्याने सुधारली, सहा दिवसांत फळे संपली तरीसुद्धा. लिंड यांचा ग्रंथ १७५३ साली निघाला. नौदलात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडले. त्याआधी १७९४ मध्ये सफोक ही नौका इंग्लंडहून निघून कुठेही ताजे अन्न न घेता तेवीस आठवड्यांनी मद्रासला पोचली. प्रत्येकाच्या ग्रॉगमध्ये रोज दोनतृतीयांश औंस लिंबाचा रस आणि दोन औंस साखर मिसळली जात होती, आणि तिने एकही माणूस गमावला नाही. हे माप म्हणजे सुमारे २० मिलिलिटर रस. ते औषधाच्या टोपणाने मोजून प्रत्येकाच्या पेल्यात घालावे.

लिंड यांची एक चूक मात्र प्रयोगाने दाखवता येते. रस टिकावा म्हणून त्यांनी तो तासन्तास आटवून पाक करण्याचे सुचवले, आणि त्या उष्णतेत गुण बराचसा नाहीसा झाला. भाताच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की ती निळी होते. दोन पेल्यांत सारखी निळी पेज घ्यावी. एकात ताज्या लिंबाचा गाळलेला रस थेंबाथेंबाने टाकत रंग जाईपर्यंत थेंब मोजावेत. दुसऱ्यासाठी तेवढ्याच रसाला दोन तास मंद आचेवर आटवून, गार झाल्यावर पाणी घालून मूळ मापावर आणावे आणि तसेच मोजावे. आटवलेल्या रसाला अधिक थेंब लागतात. ही पेज पिऊ नये, ओतून द्यावी. आपले कागदी लिंबू हे इंग्रजांच्या ‘लेमन’पेक्षा वेगळ्या जातीचे, त्यांच्या ‘लाइम’च्या जवळचे आहे आणि त्यात क जीवनसत्त्व कमी असते, हेही येथे सांगावे. १८६० नंतर नौदलाने भूमध्य समुद्राकडची लिंबे सोडून वेस्ट इंडिजची ‘लाइम’ घेतली, आणि १८७५ च्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत स्कर्व्ही परत उद्भवली.

वाटणी शेवटी ठेवावी. तिच्यासाठी सारख्या आकाराच्या नारळाच्या दोन करवंट्या, एक लाकडी पट्टी आणि सुतळी लागते. करवंटीच्या काठाला तापवलेल्या खिळ्याने समान अंतरावर तीन भोके पाडावीत, सुतळीने त्या पट्टीच्या दोन टोकांना टांगाव्यात आणि पट्टीला बरोबर मध्यावर दोरी बांधून उचलावे. एक बाजू झुकली तर हलक्या बाजूला मेणाचा गोळा चिकटवावा. २८ एप्रिल १७८९ रोजी बाउंटी नौकेवरील बंडखोरांनी कॅप्टन विल्यम ब्लाय आणि अठरा जणांना २३ फुटांच्या उघड्या होडीत सोडून दिले, तेव्हा ब्लाय यांनी असाच करवंट्यांचा तराजू केला होता आणि वजन म्हणून पिस्तुलाची गोळी वापरली होती, जिच्या पंचवीस मिळून एक पौंड होई. एका वेळेला एका माणसाला एका गोळीइतके बिस्किट, म्हणजे १८ ग्रॅम, आणि पाव पिंट पाणी. पाच रुपयांचे जुने, जाड, पांढरे नाणे ९ ग्रॅमचे आहे, म्हणून तशी दोन नाणी एका करवंटीत टाकली की ती गोळी तयार झाली. दुसऱ्या करवंटीत बिस्किटाचा चुरा घालत पट्टी सपाट होऊ द्यावी. तो घास तळहाताच्या मध्यावर मावतो. ब्लाय १४ जून रोजी तिमोर बेटावरील कुपांगला पोचले. वाटेत तोफुआ बेटावर एक माणूस मारला गेला, पण भुकेने होडीत कोणी मेले नाही.

होडीत एखादा समुद्रपक्षी हाती लागला की त्याचे सारखे वाटे करणे अशक्य होई, कारण एका वाट्यात चोच येई आणि दुसऱ्यात छातीचे मांस. त्यासाठी खलाशांची एक जुनी रीत होती आणि मांसाचा तुकडा वाटताना ती वापरावी. सहा वाटे ओळीने मांडावेत. एका मुलाने त्यांच्याकडे पाठ करून उभे राहावे. दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवून विचारावे, “हे कुणाला?” पाठमोऱ्याने मेसमधले एक नाव घ्यावे, आणि ज्याचे नाव निघेल त्याने तो वाटा मुकाट्याने उचलावा.